ईयोबाच्या चित्रातला डावा कोपरा

जे सांगतो आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्याबद्दल आहे त्यांना तर नाहीच. माझ्या मामेसासऱ्यांना, म्हणजे बायकोच्या सख्ख्या मामांना, मी कोपनहेगनच्या एका म्युझियममध्ये, दिवसाढवळ्या, त्यांचा हात हातात धरून फसवलं. कसं फसवलं हे सांगायचं तर आधी मामा सांगावे लागतील, आणि मामा थोडक्यात सांगता येत नाहीत. एवढंच म्हणतो की साऱ्या इंग्लंडात, त्यात स्कॉटलंड आणि वेल्स धरायलाही हरकत नाही, त्यांच्याइतका ठाम माणूस दुसरा नव्हता. इतरांना मतं असतात, मामांचे निकाल असायचे. लंडनच्या पिनर उपनगरातल्या घराच्या दारात उभं राहून त्यांनी आज पाऊस नाही असं जाहीर केलं की घरातल्या कुणी छत्री न्यायची नाही. पडलाच, तर चूक पावसाची.

मामा तरुणपणी नाशिकहून इथे आले आणि कौन्सिलच्या वजनमापं खात्यात लागले ते निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. मखमली खणांच्या पेटीत पितळी वजनं घेऊन दुकानादुकानांतून हिंडायचं, काटे तपासायचे, पबमध्ये जाऊन पाइंटच्या ग्लासात बिअर किती आणि फेस किती ते पाहायचं, असं ते काम. आयुष्यात दारूचा थेंब न घेता इतक्या पबमालकांच्या तोंडचं पाणी पळवणारा हा एकच नाशिककर असेल. निवृत्तीच्या दिवशी पेटी त्यांनी खात्याला परत दिली, नजर मात्र स्वतःजवळ ठेवून घेतली. ईलिंगच्या मिठाईवाल्याकडे पेढे घेताना ते आधी रिकामा खोका काट्यावर ठेवायला लावत. पुढे पुढे मामा दारात दिसले की तो बिचारा न सांगता खोका काट्यावर ठेवून दोन पावलं मागे सरकून उभा राहायचा. चहात साखर घालताना ते चमच्यावरून सुरीचं पातं फिरवून साखर सपाट करत. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पुरणपोळ्या आल्या की दोन पोळ्या उजेडासमोर धरून कुठल्या बाईंनी पुरण कमी भरलंय ते सांगत, आणि त्या बाई नेमक्या शेजारी उभ्या असत. खिशात मोजपट्टी कायम. आम्ही पहिला फ्लॅट भाड्याने घेतला तेव्हा त्यांनी बेडरूम मोजली, ती एजंटच्या कागदावर लिहिल्यापेक्षा नऊ इंच कमी भरली, आणि मामांनी एजंटला पत्र लिहिलं. एजंटने माफीचं पत्र पाठवलं. मामांनी त्यातली दोन वाक्यं दुरुस्त करून ते त्याला परत पाठवलं.

मी दोन हजार एक साली पुण्याहून वर्क व्हिसावर आलो तेव्हा पहिला महिनाभर त्यांच्याकडे राहिलो. घर तीन बेडरूमचं, राहणारे एकटे मामा. मामी नाशिकला असतात एवढंच बायकोने मला निघताना सांगितलं होतं, आणि तो विषय काढू नको हेही. त्या घराच्या पुढच्या खोलीत, देव्हाऱ्याच्या बरोब्बर समोर, ते चित्र होतं. मामांनी ते फार वर्षांपूर्वी चर्चच्या जम्बल सेलमध्ये, म्हणजे जुन्यापान्या वस्तूंच्या विक्रीत घेतलं, आणि घेतलं ते फ्रेमसाठी. फ्रेम ओकची, भक्कम. तिच्यात गणपती बसवायचा बेत होता. घरी येऊन मागचे खिळे काढले, आतला कागद उपसायला लागले आणि आतला म्हातारा त्यांच्याकडे बघायला लागला. मामा म्हणायचे, "एवढ्या हालात बसलेल्या माणसाला आणखी घराबाहेर काढायचं म्हणजे अति झालं." मग त्याला फ्रेमसकट भिंतीवर लावलं आणि गणपतीला दुसरी फ्रेम आणली.

चित्र होतं एकोणिसाव्या शतकातल्या कुणा डॅनिश चित्रकाराचं. चित्र म्हणजे त्या चित्राची छापील प्रत, मूळ कोपनहेगनला. बायबलातला ईयोब. सुखवस्तू, सचोटीचा माणूस, आणि त्याच्यावर एकामागून एक आपत्ती कोसळतात: गुरंढोरं जातात, पोरंबाळं जातात, शेवटी अंगभर गळवं होतात आणि तो राखेच्या ढिगावर बसून खापराच्या तुकड्याने अंग खाजवत राहतो. ते खाजवणंच चित्रात आहे. उघडं हाडकुळं अंग, पांढरी दाढी, कमरेला फडकं, आणि समोर तीन मित्र मान खाली घालून बसलेले. आता हे सगळं देव्हाऱ्यासमोर टांगल्यावर जे व्हायचं तेच झालं. भारतातून आलेली प्रत्येक आई, मावशी, सासू आत आली की आधी देवाला आणि मग वळून ईयोबाला हात जोडायची. हे कुठले महाराज, असं विचारायची. एका सॉफ्टवेअरवाल्याच्या आईने तर खुर्चीवर चढून फ्रेमला हळदकुंकू लावलं आणि तीन मित्रांपैकी पट्टशिष्य कोण ते विचारलं. मामांनी ते कुंकू कधी पुसलं नाही. ते म्हणाले, चित्रात त्याला कुणी काही दिलं नाही, निदान इथे मिळू दे.

त्यांचं त्या चित्रावर प्रेम होतं, पण ते तक्रारीतून व्यक्त व्हायचं. हा ईयोब वाळवंटातला नव्हेच, त्यांच्या मते हा डेन्मार्कचा कोळी आहे. नाकाचा शेंडा थंडीने लाल झालाय बघा. आभाळ तर सरळसरळ आपल्या पिनरचं, नोव्हेंबरातलं. मित्रांना ते कार्यकारिणी म्हणत. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार. सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते, तोंड उघडलं आणि घाण केली. मामांनी सबंध ईयोब मराठीतून आणि इंग्रजीतून वाचला होता, आणि त्यांचा राग एका गोष्टीवर होता. "बेचाळीस अध्याय, जावईबापू. त्याच्या बायकोला त्यात एकच वाक्य. अजून कसला सच्चेपणा धरून बसलास, दे देवाला शिव्या आणि मर. एवढं बोलते, आणि पुढे ती आहे की गेली, याचा पत्ता नाही."

इथे तो कोपरा येतो. छापील प्रतीत चित्राचा खालचा डावा कोपरा काळा होता. छापताना शाई जास्त बसली असेल किंवा जम्बल सेलच्या आधी कुणाच्या ओल्या भिंतीवर टांगलं असेल, कोण जाणे. पण त्या काळोखात काहीतरी होतं. भिंग लावलं की कापडाची घडी असावी असं दिसायचं, कदाचित एक टाच. मामांचं म्हणणं ठरलेलं होतं: ती त्याची बायको, आणि ती निघून चालली आहे. त्यांनी लायब्ररीतून पुस्तकं मागवली, त्यात हे चित्र टपाल तिकिटाएवढं. म्युझियमला पत्र लिहिलं, तिकडून फार नम्र उत्तर आलं की चित्र दुसऱ्या मजल्यावर लावलेलं आहे, आपलं स्वागत आहे, सोबत झेरॉक्स. झेरॉक्समध्ये कोपरा होता त्याहून काळा. मामांनी त्यातलं स्वागत तेवढं उचललं. आपल्याला बोलावलंय, असं ते सगळ्यांना सांगू लागले. मी एकदा विचारलं की ती चालली आहे याची एवढी खात्री आहे तर जायचं कशाला. ते माझ्याकडे काटा मारणाऱ्या दुकानदाराकडे बघावं तसं बघत राहिले. लेबलावर विश्वास ठेवणारा माणूस वजनमापात टिकत नाही, म्हणाले.

मामींचं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. ऐंशीच्या दशकात मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्षांचं किराण्याचं दुकान होतं. दर रविवारी मामा-मामींची तिथे ऊठबस. एक दिवस मामांनी घरी आणलेली तूरडाळीची पौंडाची पुडी सवयीने काट्यावर ठेवली आणि ती एक औंस कमी भरली. दुसरी आणली, तीही कमी. सोमवारी मामा पितळी वजनांची पेटी घेऊन त्या दुकानात गेले आणि अध्यक्षांवर रीतसर खटला भरला. त्यानंतर मंडळात त्यांना कुणी बोलावलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मामींना आमंत्रण येईना, लोक रस्ता ओलांडून पलीकडे जायला लागले. तीन स्नेही समजूत घालायला घरी आले, ओळीने सोफ्यावर बसले, आणि चहा पिऊन मामांचंच कसं चुकलं ते सांगून गेले. मामा हलले नाहीत. मामींनी वर्षभर सोसलं, आणि मग एका सकाळी भांडी पुसता पुसता एक वाक्य बोलल्या: "अजून किती दिवस बरोबर राहणार आहात? म्हणा चुकलं, आणि मोकळे व्हा." मामा पेटी उचलून कामावर गेले. महिन्याभराने मामी आईच्या आजारपणासाठी नाशिकला गेल्या. आई बरी झाली, पुढे गेलीही, पण मामी आल्या नाहीत. त्या वाट बघत होत्या हे बोलवतील म्हणून, आणि हे म्हणत होते की जो गेला त्याने यावं. अशी वीस वर्षं गेली.

मग कोपनहेगनचं माझ्यावर कसं आलं? मीच ओढवून घेतलं. आल्या आल्या पहिल्याच महिन्यात, त्यांच्या घरचं पिठलं खाताना, मी मोठ्या तोरात म्हणालो की मामा, मी नेतो तुम्हाला, दीड तासाची तर फ्लाइट. त्यांनी जागच्या जागी डायरी काढली. मला वाटलं विसरतील. मामा विसरत नाहीत. पुढच्या वसंतात त्यांनी विचारलं तेव्हा माझं सॉफ्टवेअरचं प्रोजेक्ट गो-लाइव्हला, म्हणजे प्रत्यक्ष चालू व्हायला आलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी माझा व्हिसा रिन्यूअलला गेला होता, पासपोर्ट होम ऑफिसात, म्हणजे इथल्या गृहखात्यात. नंतर मुलगी झाली. शिवाय मामांचा पासपोर्ट ब्रिटिश आणि माझा भारतीय, त्यामुळे मला युरोपचा शेंगेन व्हिसा लागायचा आणि त्याची रांग, हे कारण मी इतक्या वेळा वापरलं की मलाच ते खरं वाटायला लागलं. खरं एवढंच होतं की शनिवार-रविवार मला झोप हवी असायची, आणि एका म्हाताऱ्याच्या काळ्या कोपऱ्यासाठी परदेशी जाणं मला गंमतीचं वाटत होतं, जरुरीचं नाही.

तोवर मामांचे डोळे चालले होते. नजरेचा मधला भाग जातो आणि कडा राहतात, असा तो आजार. समोरच्याच्या तोंडाच्या जागी त्यांना करडा डाग दिसायचा आणि कान, खांदे, भिंत तेवढी दिसायची, तीही धूसर. त्यांनी तक्रार केली नाही. कॉर्नर शॉपच्या काट्यावरचे आकडे दिसेनासे झाले तेव्हा ते सफरचंदं हातावर तोलून वजन सांगायला लागले, आणि दुकानदार सांगत असे की अंकल दहा ग्रॅमच्या आत असतात. पण एका रविवारी मी गेलो तेव्हा ते चित्रासमोर उभे राहून मान तिरपी करून बघत होते. म्हणाले, "ईयोब गेला, जावईबापू. कार्यकारिणी थोडी थोडी आहे." त्या संध्याकाळी मी व्हिसाचा फॉर्म भरला. म्हणजे तीन वर्षं उशिरा भरला.

दोन हजार पाचच्या मार्चमध्ये आम्ही गेलो. मामांनी टाय लावला होता. खिशात बारा प्रश्न लिहिलेला कागद, माझ्या बायकोकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलेला. मामांना तो वाचता येत नव्हता, पण पाठ होता. म्युझियममध्ये कोट ठेवायच्या काउंटरवर बिल्ल्याचा नंबर आणि खुंटीचा नंबर जुळत नाही असं त्यांच्या बोटांना लागलं आणि त्यांनी तिथल्या पोराशी वाद घालायला सुरुवात केली. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी खोली कुठे आहे बघून येतो. दुसऱ्या मजल्यावर ती खोली सापडली. भिंतीवर एक फिकट चौकोन होता, दोन हुक होते, आणि एक छोटं कार्ड होतं. तिथल्या बाई हळू आवाजात म्हणाल्या की चित्र साफसफाईसाठी उतरवलंय, वर्षभर तरी लागेल. मागच्या बाजूला जाऊन दाखवता येईल का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं.

खाली जाऊन मला सांगता आलं असतं. मामा, चित्र नाही. पण एवढं सांगितलं की पुढचंही मामांच्या डोक्यात आपोआप आलं असतं: की मागच्या वर्षी ते इथेच होतं, त्याच्या मागच्या वर्षीही इथेच होतं, आणि तेव्हा तुम्हाला दिसत होतं. ते त्यांनी बोलून दाखवलं नसतं. ते गप्प बसले असते, आणि मला तेच नको होतं. मी त्यांचा हात धरला, जिन्याने वर नेलं, आणि त्या फिकट चौकोनावरून पुढच्या खोलीत घेऊन गेलो. तिथे त्यातल्या त्यात मोठं आणि काळपट जे चित्र होतं त्याच्यासमोर त्यांना उभं केलं. म्हटलं, आलो.

ते चित्र एका गोठ्याचं होतं. मधे एक म्हातारा शेतकरी घोंगडी घेऊन बसलेला आणि त्याच्यासमोर तीन गाई.

 मामांनी मान डावीकडे तिरपी केली, उजवीकडे केली. मग म्हणाले, "मित्र बरेच जाडे दिसतात."

मी म्हटलं, तेलरंगात तसं दिसतं.

त्यांनी ते मान्य केलं. पुढे त्यांनी पावलांनी रुंदी मोजली आणि पुस्तकात दिल्यापेक्षा एक पाऊल जास्त भरतं म्हणाले. मी म्हटलं, फ्रेम धरून आहे. त्यांनी तेही मान्य केलं, आणि मला घाम फुटला, कारण मामा एका दिवसात दोन गोष्टी मान्य करत नाहीत. मग प्रश्न सुरू झाले. खापर कुठल्या हातात आहे? उजव्या, म्हटलं; ते मला घरच्या प्रतीवरून माहीत होतं. राख पांढरी की करडी? करडी. आभाळ? पिनरचंच. नाकाचा शेंडा? लाल. शेजारून शाळेतल्या मुलींचा घोळका गेला, त्यांच्या बाई डॅनिशमध्ये गाईंबद्दलच काहीतरी सांगत असाव्यात, कारण एक मुलगी हंबरली. मामांनी तिकडे मान वळवली, पण काही विचारलं नाही. ते त्यांच्या पाचव्या प्रश्नावर आले होते.

"आता डावा कोपरा. खालचा. सावकाश बघा, मला घाई नाही."

मी काय सांगायचं ते जिना चढतानाच मला माहीत असायला हवं होतं. ती निघून चालली आहे, एवढं म्हटलं असतं तर मामांनी आनंदाने टाळी दिली असती. पण खोटं बोलायची सवय नसलेला माणूस समोर दिसेल त्याला घट्ट धरतो. मी त्या गोठ्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बघितलं. तिथे दूध काढणारी एक बाई होती.

"बाई आहे," मी म्हटलं.

"चालली आहे ना?"

"नाही मामा. बसली आहे."

"बसली आहे." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तोंड कुणीकडे?"

"त्याच्याकडे."

"हातात काही?"

बादली होती. मी म्हटलं, पाण्याचं भांडं आहे, जखमा धुवायला आणलं असेल. त्या खोलीत मी बोललो त्यातलं त्या बाईबद्दलचं तेवढंच समोरच्या चित्रापुरतं खरं होतं, भांड्यातल्या दुधाचं पाणी केलं ते सोडून.

मामांनी माझा हात सोडला. खिशातला कागद काढला, चार घड्या घातल्या आणि परत ठेवला. उरलेले सात प्रश्न त्यांनी विचारलेच नाहीत. खाली आल्यावर बिल्ल्याच्या नंबराचाही विषय काढला नाही, कोट घेतला आणि चालू लागले. परतीच्या विमानात चहाचा कप हातात घेऊन त्यांनी एकच विचारलं, "किती वेळ बसली असेल हो ती तिथे?" साखर त्यांनी तशीच, शीग लावून, कपात ओतली होती.

तीन आठवड्यांनी मामांनी नाशिकचं तिकीट काढलं. पिनरचं घर भाड्याने दिलं, ईयोब गाद्यांच्या चादरीत गुंडाळून सोबत नेला. मामींना त्यांनी कळवलं नव्हतं. दार उघडून मामींनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांची मान तिरपी का आहे ते त्यांना एका नजरेत कळलं असावं, आणि त्या म्हणाल्या, "जेवण झालंय की व्हायचंय?" हे मला मामांनीच फोनवर सांगितलं, आणि व्हायचं होतं असं उत्तर दिल्याचंही सांगितलं.

तेव्हापासून ते दोघं तिथे आहेत आणि दिवसभर भांडतात. मामींनी चहाच्या चमच्यावरची सुरी पहिल्याच दिवशी बंद केली. मामा कॉलनीच्या कोपऱ्यावर भाजीवाल्याकडे वांगी हातावर तोलतात, आणि तो माणूस गिऱ्हाइकांदेखत बाबांना विचारून घ्या म्हणतो, त्याचा मामांना इतका अभिमान की मामींना गरजेपेक्षा जास्त वांगी शिजवावी लागतात. ईयोब त्यांच्या बैठकीत आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला मामा तो समजावून देतात, आता स्वतःला दिसत नसूनही, आणि शेवटी त्या काळ्या कोपऱ्यावर बोट ठेवून सांगतात की इथे बाई बसली आहे, पाण्याचं भांडं घेऊन. मी जाऊन खात्री केली आहे. मामी एकदा फोनवर मला म्हणाल्या, "मी वीस वर्षं पत्रं लिहिली, त्याला उत्तर म्हणून लंडनचं हवामान यायचं. कुठल्या परक्या देशातल्या त्या बाईने काम केलं. तिचं भलं होवो." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो.

हे इथेच थांबलं असतं तर मीही गप्प राहिलो असतो. पण मागच्या वर्षी, दोन हजार नऊमध्ये, ऑफिसने मला दोन दिवसांसाठी कोपनहेगनला पाठवलं. मीटिंग दुपारी संपली आणि माझे पाय तिकडे वळले. त्याच मजल्यावर, त्याच दोन हुकांवर ते चित्र परत आलं होतं, धुऊन पुसून लख्ख. राख पांढरी होती, करडी नव्हे. खापर मात्र उजव्याच हातात. आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे आमच्या प्रतीत काळोख होता तिथे, पडक्या भिंतीतली एक फट होती, फटीतून उन्हाचा पट्टा आला होता, आणि त्या उजेडाच्या दिशेने एक बाई चालली होती. काखेत गाठोडं. मागची टाच उचललेली. ती टाच मामांनी भिंगातून बरोबर ओळखली होती. मी तिथे अर्धा तास उभा होतो. शेजारच्या खोलीत गाई आहेत का ते बघायला गेलो नाही. घरी आल्यावर बायकोने सहज विचारलं, मामांचं चित्र पाहून आलास का? मी म्हटलं, वेळ नाही मिळाला.

माझ्या मनात येतं की जे झालं ते चांगलं झालं, मग काय बिघडलं. पण मग मामा डोळ्यांपुढे येतात. एका औंसासाठी ज्यांनी सगळा गाव अंगावर घेतला, त्यांना मी आयुष्यातला सगळ्यात मोठा निकाल खोट्या वजनावर द्यायला लावला. ते काटा मारणारे अध्यक्ष आणि मी, आमच्यात मामा फरक करतील असं मला वाटत नाही.

या दिवाळीला फोन केला तेव्हा मामींनी फोन मामांना दिला आणि स्वतः स्वयंपाकघरात गेल्या. मामांनी आवाज खाली आणला. मला वाटलं तब्येतीचं काही सांगतात. ते म्हणाले, "जावईबापू, तेव्हा एक विचारायचं राहून गेलं. पुन्हा कधी तिकडे गेलात तर त्या बाईचा चेहरा नीट बघून या. रागावलेली आहे का नुसती दमलेली, तेवढं कळलं पाहिजे. हिला विचारावं तर ही सांगत नाही, आणि मला आता दिसत नाही."

मी म्हटलं, बघतो.

मामींना मामा सगळं वाचून दाखवायला लावतात, दिवाळी अंक तर पहिल्या पानापासून. हे छापून आलं तर त्या वाचता वाचता इथे येऊन थांबतील, आणि पुढचं वाचायचं की पान उलटायचं हे त्यांना ठरवावं लागेल. ते मी त्यांच्यावर टाकणार नाही. फेब्रुवारीचं तिकीट काढलं आहे, नाशिकला पोचल्यावर पहिल्या दिवशीच बोलायचं ठरवलं आहे, चहाच्या आधी. मामा उठून पिनरला परत जातील, की मला घराबाहेर काढतील, की फक्त मान तिरपी करून बसतील, मला माहीत नाही.

त्या बाईचा चेहरा दिसत नाही. ती पाठमोरी आहे आणि निघाली आहे. मामा म्हणत होते तेच बरोबर होतं. हे त्यांना समोर बसून सांगण्याचं देणं माझ्यावर अजून आहे.